कोरा

पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला की दुसरा प्रश्न ठरलेला, 'चहा कसा चालतो?' गोड, कमी गोड, कडक, आलं घालून, कोरा. माणूस पटकन सांगतो आणि आपण ते मानतो. आवडीला कारण विचारू नये म्हणतात. मला ते विचारावंसं वाटतं.

माझ्या आजीला कोरा चहा आवडायचा. मालेगाव तालुक्यातलं, गिरणेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. दारात दोन म्हशी. सकाळचं दूध डेअरीला. संध्याकाळचं आधी पोरांना, मग आल्यागेल्याला, उरलं तर विरजणाला. आजी चुलीवर स्वतःपुरता गुळाचा कोरा ठेवायची. गूळ टाकला की दूध फाटतं, हे कारण तिच्याकडे तयार असे. कोणी दूध पुढे केलंच तर म्हणायची, 'माले कोराच गोड लागस.' तिची आवड साऱ्या घराच्या सोयीची होती.

पुढे डाळिंबाचे पैसे आले, दूध पिशवीतून मिळू लागलं. तरी तिने कोरा सोडला नाही. दुधाचा दिला तर अर्धी बशी पिऊन सरकवायची. आता बोला, ही आवड खरी की खोटी?

मालेगावात यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. रात्री दोनला कारागीर हॉटेलात येतो, 'मीठा ज्यादा' म्हणतो. साखर ओठाला चिकटेल असा चहा. जाग राहावी, अंगात जोर राहावा म्हणून लागलेली सवय ती. पण शुक्रवारी, माग बंद असतात त्या दिवशी, घरीही त्याला तसाच लागतो.

तशी चहाची आवडच आपली कुठे? १९३०च्या दशकात चहाची प्रचारमंडळं फुकट कप वाटत हिंडली, तेव्हा कुठे तो घराघरांत शिरू लागला. आणि 'कडक'चा आपला अभिमान? मशीनमध्ये चिरडलेली सीटीसी भुकटी, चिमूटभरात रंग देणारी, म्हणजे स्वस्त. परवडलं ते आवडलं. तोच गुळाचा चहा आता पुण्या-नाशकात पाटी लावून विकतात. आजी तो पाहुण्यापासून लपवायची.

माझं मत असं, की आवड अडचणीतून आली म्हणून ती खोटी होत नाही. आजीची जीभ आजीचीच होती. पण ज्याच्या वाट्याला तिचं दूध जातं, त्याने 'तिला आवडतच नाही' म्हणून मोकळं होऊ नये. त्याने रोज विचारावं. नाही म्हणायला समोर दूध तरी असावं लागतं ना! आजीपुढे ते आलं तेव्हा तिची साठी उलटली होती.

आमची सून सगळ्यांचे कप भरते आणि शेवटी त्याच भुकटीत पाणी घालून पुन्हा उकळते. 'मला पातळच चालतो,' म्हणते. चालतो आणि आवडतो यात फरक आहे, पण ते तिला कोणी शिकवायची गरज नाही. परवा चहा मी ठेवला. पहिल्या धारेचा कप तिला दिला. ती उभ्यानेच एक घोट प्यायली, म्हणाली, 'बाबा, साखर कमी पडली. आणि आलं नाही का टाकलं?'