कूलंट बदलण्याआधी

हे मनन मशीनसमोर उभं राहून करायचं आहे. मशीन बंद असू द्या. मेन स्विचला तुमचं स्वतःचं कुलूप असू द्या आणि त्याची किल्ली तुमच्याच खिशात. हातात अजून काही घेऊ नका. पंप थांबला आहे, पंखे थांबले आहेत. एवढी शांतता या जागेला वर्षातून दोनदाच मिळते, उन्हाळी शटडाउनला आणि नाताळात. ती थोडी अंगावर घ्या.

तुम्ही कॉर्कच्या बंदराकाठी रिंगस्किडीत असाल, शॅननमध्ये असाल, किंवा गॉलवेबाहेर ओरनमोरला. आयर्लंडच्या या गावांत माणसाच्या शरीरात बसवायचे गुडघ्याचे आणि खुब्याचे सांधे तयार होतात. कदाचित तुम्ही आपल्याकडे भोसरीत किंवा शिरोलीत लेथवर हात बसवून इथवर आला असाल. धातू तोच, टूलही तेच. टाकीतलं दुधाळ पाणीही तेच. आज त्या पाण्याकडे नीट पाहू.

आधी वास. टाकीत डोकं घालू नका, दाराशी उभं राहूनच घ्या. सुटी जोडून आली की परतल्यावर शॉपमध्ये सडक्या अंड्यासारखा दर्प येतो, तो तुमच्या ओळखीचा आहे. तो कसा तयार होतो ते मनात सावकाश उलगडा. स्लाइडवेचं आणि हायड्रॉलिकचं तेल थेंबाथेंबाने कूलंटमध्ये उतरतं आणि वर तरंगतं. मशीन चालू असताना पंप ते घुसळत राहतो. मशीन थांबली की तेलाचा सलग थर धरतो आणि खालच्या पाण्याला हवा मिळेनाशी होते. हवेवाचून जगणारे जिवाणू मग वाढतात, पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. इतर जिवाणू आम्लं तयार करतात. नऊच्या आसपास असायला हवा तो पीएच खाली घसरतो, आणि चांगल्या जॉबवर रात्रीतून गंज दिसतो.

इथे एका गोष्टीवर थांबा. नाक सरावतं. या वायूची तर खोडच अशी की तो नाकाची जाणीवच बोथट करतो. पहिल्या दिवशी जे असह्य वाटलं ते पंधरवड्यात जाणवेनासं होतं. आपल्याला वास येत नाही म्हणजे वास नाही, असं होत नाही. म्हणून नवा माणूस दारातून आत येताना नाक मुरडतो, तेव्हा त्याचं ऐका. आणि पीएच, रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग रोज वहीत लिहा. वही सरावत नाही.

आता पाणी. टाकीतल्या शंभर लिटरमध्ये साधारण ९० ते ९५ लिटर पाणीच असतं. म्हणजे कूलंट निवडण्याआधी पाणी ओळखायला हवं, आणि पाणी ओळखायचं तर पायाखालची जमीन. आयर्लंडच्या मधल्या सपाट पट्ट्याखाली, लिमरिक आणि क्लेअरच्या मोठ्या भागाखाली चुनखडीचा दगड आहे. तिथलं पाणी जड. विकलोच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांतून डब्लिनकडे येणारं पाणी हलकं. जड पाण्यातलं कॅल्शियम कूलंटमधल्या साबणासारख्या घटकांना धरतं, तेल आणि पाणी फुटून वेगळं होतं, वर चिकट साय जमते. फार हलक्या पाण्यात फेस उसळतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्यावर कूलंट कालवणाऱ्यांना यातली पहिली तऱ्हा चांगली ठाऊक आहे.

शिवाय टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं आणि क्षार मागेच राहतात. तुम्ही नळाचं पाणी ओतता, तेही उडतं, क्षार पुन्हा मागे राहतात. महिन्यांनंतर टाकीतलं पाणी नळाच्या पाण्याहून कितीतरी जड झालेलं असतं. म्हणून भर घालायची ती शक्यतो आरओच्या पाण्यात कालवलेल्या पातळ कूलंटची, नुसत्या पाण्याची नाही. कालवताना आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेल. उलटं केलं तर मिश्रण नीट जुळत नाही. हा क्रम मनात एकदा सावकाश म्हणा. घाईच्या दिवशी तोच उपयोगी पडेल.

आता टूलच्या टोकाचा विचार करा. अमेरिकेत मिडव्हेल स्टीलच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलरने १८८०च्या दशकात पाहिलं, की टूल जिथे धातू कापतं तिथेच पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग सुमारे ४० टक्के वाढवता येतो. तेव्हापासून धार आणि धातू यांची सोबत सुटलेली नाही. तुमच्या शॉपमध्ये टायटॅनियम कापलं जात असेल तर ही सोबत आणखी निकडीची. टायटॅनियमचे मिश्रधातू साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहून नेतात. ती जॉबमध्ये पसरत नाही, चिपबरोबर पुरेशी निघून जात नाही, टूलच्या टोकावर साठते. कूलंटचा नोझल अर्धा बुजला असेल तर ते टोक जळतं. नोझल कशाने बुजतो? टाकीच्या तळाशी आपण राहू दिलेल्या गाळाने.

आता स्वतःच्या हातांकडे पाहा, तळवे आणि बोटांच्या पेरांमधली जागा. कूलंट त्वचेवरचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. आधी कोरडेपणा, मग भेगा, मग खाज. कोबाल्ट-क्रोमवर काम असेल तर कोबाल्टही विरघळून कूलंटमध्ये उतरतो, आणि काहींच्या त्वचेला तो कायमचा सोसेनासा होतो. वास मारण्यासाठी टाकीत जिवाणूनाशक बेहिशेबी ओतलं तर त्याचाही मार शेवटी याच हातांवर. मग श्वास. बारीक धुक्यातून फुफ्फुसात गेलेल्या कूलंटने दमा जडतो, कधी त्याहून गंभीर आजारही. या शतकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजच्या इंजिन कारखान्यात कामगारांना असे आजार मोठ्या संख्येने झाले, आणि शेजारच्या ब्रिटनमधले अनेक शॉप त्यातून हवेकडे पाहायला शिकले.

म्हणून सायकल संपली तरी दार लगेच उघडू नका. एक्स्ट्रॅक्शनला आतलं धुकं ओढून घेऊ द्या. ते थांबणं म्हणजे आळस नव्हे. तसंच एअर गनने जॉबवर आणि बेडवर एअर मारायची सवय सोडा. त्याने चिप्स सीलखाली आणि बेअरिंगमध्ये घुसतात, आणि थेंब हवेत जातात. ब्रश आणि फडकं हळू चालतात, पण घाण उडवून दुसऱ्याच्या वाट्याला देत नाहीत. आयर्लंडच्या २००५च्या कामगार सुरक्षा कायद्याने ही काळजी मालकावर टाकली आहे आणि तुमच्यावरही, कारण शेजारी उभा असलेला माणूस तुमच्या कृतीच्या टप्प्यात येतो.

आता तळाशी जाऊ. टाकी रिकामी करण्याआधी जुन्या कूलंटमध्येच सिस्टिम क्लीनर घालून तो काही तास सगळ्या नळ्यांतून फिरू द्यायचा असतो. मग उपसायचं, कोपऱ्यांतला गाळ खरवडायचा, चिप कन्व्हेयरखाली, गार्डांच्या मागे, जिथे हात पोचत नाही तिथेही पोचायचं. शेवटी पातळ कूलंटने खंगाळायचं. ही पायरी चुकवावीशी वाटते, कारण नवं कूलंट पांढरंशुभ्र दिसतं आणि वर वर सगळं ठीक भासतं. पण तळाशी राहिलेलं चार बोटं जुनं पाणी म्हणजे विरजण. तापवलेल्या ताज्या दुधात ते किती पडलं याने फारसा फरक पडत नाही, सकाळी सगळं लागलेलं असतं. नव्या कूलंटचे पैसे त्या चार बोटांत जातात.

उपसलेलं पाणी कुठे जाणार, याचाही विचार इथेच करा. आयर्लंडमध्ये ते घातक कचऱ्यात मोडतं. युरोपच्या यादीत क्लोरीनसारखे हॅलोजन नसलेल्या अशा कूलंटचा क्रमांक आहे १२ ०१ ०९. ते परवानाधारक माणसाच्याच हाती द्यायचं. अंगणातल्या गटारात ओतलेलं पाणी शेवटी नदीला आणि कॉर्क हार्बरसारख्या खाडीला मिळतं.

आणि आता ज्या माणसासाठी हे सगळं आहे तो माणूस मनात आणा. डिसेंबर २०००मध्ये अमेरिकेत एका कंपनीला आपल्या खुब्याच्या वाट्या परत मागवाव्या लागल्या. त्या हजारो रुग्णांच्या शरीरात आधीच बसल्या होत्या. मशीनचं वंगणतेल कूलंटमध्ये झिरपलं होतं, त्याचा अंश वाट्यांवर राहिला, आणि हाड धातूला धरेना. अनेकांना पुन्हा टेबलावर झोपावं लागलं, पुन्हा काठी धरावी लागली. तुमच्या टाकीवर रोज दिसणारा तेलाचा तवंग हाच तो धागा. जॉब पुढे धुतला जातो, तपासला जातो, हे खरं. तरी त्या धुण्यावर किती भार टाकायचा ते तुमची टाकी ठरवते.

हे उगाच भीती वाटावी म्हणून सांगत नाही. तुम्ही घडवलेला गुडघा ज्याला बसेल तो तुम्हाला कधी भेटणार नाही. तो एखाद्या जिन्याच्या सहा पायऱ्या कळ न येता चढेल आणि तुमचं नावही त्याला ठाऊक नसेल. अनोळखी माणसाचं भलं अशा ठिकाणाहून करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. ती तुम्हाला मिळाली आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला मशीन पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालतात. त्या दिवशी चक चकाकतो, दार चकाकतं. यंदा पूजेच्या आधी एकदा टाकीचं झाकणही उचला. परदेशात सुटी नसली तरी ती पूजा करता येते, आणि ती वर्षात कितीही वेळा करता येते.

आता किल्ली काढू नका, आधी वही काढा. टाकी कधी धुतली, किती टक्के कूलंट भरलं, पीएच किती, पुढची सफाई कधी, हे लिहा. मग सुपरवायझरकडे जा आणि पुढच्या तिमाहीच्या योजनेत सफाईचे तास वेगळे मागा. उत्पादनातून उरलेल्या वेळात नको, उत्पादनाच्याच वेळात. ते तास नाकारले गेले तर पुन्हा मागा, वहीतली रीडिंग्ज पुढे ठेवून मागा. टाकी स्वच्छ ठेवणं हा जॉबचाच भाग आहे, आणि तो भाग तुमच्या हाताखालून जातो.