बेकु आणि साकु

कानडीतली ‘बेकु’ आणि ‘साकु’ ही जोडी मी लहानपणी पंगतीत शिकलो. शेजारच्या घरी लग्न असले की वाढपी ‘बेकु?’ म्हणत यायचा आणि आम्ही पानावर हात आडवा धरून ‘साकु, साकु’ म्हणायचो. हात धरायला जरा उशीर झाला, तर वाढलेले संपवावेच लागे. हवे आणि पुरे या दोन शब्दांमधली जागा नेमकी ओळखणे किती अवघड असते, हे मात्र मला साठी ओलांडल्यावर एका मोटारसायकल-मिस्त्रीच्या दुकानात कळले.

माझी बुलेट १९८९ सालची. नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी कर्ज काढून घेतलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ओतीव लोखंडाचे ते इंजिन आता कारखान्यातून निघत नाही. सिलिंडरचा व्यास ७० मिलीमीटर, पिस्टनची धाव ९० मिलीमीटर, म्हणजे ३४६ घनसेंटिमीटर. ताकद अठरा अश्वशक्ती. सौभाग्यवतींचे माहेर साखळीला. म्हणून भाऊबीजेला बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाट उतरून जायचे आणि दोन दिवसांनी फराळाचे डबे, नारळ, कोकमे लादून तोच घाट चढून यायचे, हा आमचा वर्षांचा नेम.

तीन वर्षांपूर्वी परतताना केरीच्या पुढे चढावर एक ट्रक आडवा आला. मागे धूर खात चालण्याचा मला कंटाळा आला. वळण संपल्यासारखे वाटले म्हणून बाहेर काढली आणि ट्रकच्या निम्म्यावर गेल्यावर गाडीचा दम संपला. वरून बस उतरत होती. कसाबसा ब्रेक दाबून पुन्हा ट्रकमागे शिरलो. खांद्यात सौ.ची नखे रुतली होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी मात्र मनात निकाल देऊन टाकला होता : ताकद कमी पडली.

दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रीकडे गेलो. त्याची भाषा आपल्या गावासारखी, निम्मी कानडी, निम्मी मराठी. इंजिनावर हात ठेवून त्याने विचारले, “सर, एष्टु बेकु?” किती हवी? मी म्हणालो, “होईल तेवढी वाढव.” तो हसला. “होईल तेवढं हे माप न्हवं, सर. वाढवाल तेवढं वाढतंय. साकु कुठं म्हणायचं, ते तुमी सांगा की.”

मग त्याने पायऱ्या सांगितल्या. एवीतेवी सिलिंडर झिजलेलाच होता. तो बोअर करून ०.०२० इंच मोठा पिस्टन घालायचा. त्यापुढे ०.०४०, मग ०.०६०, ही मापे दुरुस्तीसाठीच ठरवलेली, त्यानंतर नवी स्लीव्ह घालावी लागते. किंवा सरळ पाचशेचे सिलिंडर, पिस्टन आणि हेड बसवायचे : व्यास ८४ मिलीमीटर, ४९९ घनसेंटिमीटर, बावीस अश्वशक्ती. त्यासाठी क्रँककेसचे तोंड कापावे लागते. “मग क्लच जोर खाईल, गिअर खाईल, ब्रेक तर हाय तसाच,” तो म्हणाला. एकाचे बळ वाढवले की शेजाऱ्याचे दुबळेपण उघडे पडते, हे त्याला लेथवर काम करून ठाऊक होते.

मी तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. त्या रात्री वही घेऊन बसलो. मोठ्या वेगाला इंजिनाची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. अठराच्या बावीस अश्वशक्ती केल्या, तर ताशी शंभराच्या जागी फार तर एकशेसात. चढावरची ओढ वाढेल, हे खरे. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठाच्या जागी ऐंशीने निघालो, तर ब्रेकला जवळजवळ पावणेदोनपट ऊर्जा उष्णता करून पचवावी लागेल. ही गणिते मी फळ्यावर कितीदा लिहिली असतील! घाटात मात्र त्यातले एकही आठवले नव्हते.

कायद्याचाही प्रश्न होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि आर. सी. बुकात ३४६ लिहिलेले आहे. अपघात झाला, तर विमा कंपनी हाच आकडा आधी पाहील. पण खरे सांगायचे तर कायद्याने मी अडलो नसतो. असे बदल करून फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. मला अडवले सौ.ने.

वही पाहून ती म्हणाली, “त्या दिवशी ताकद कमी पडली, असं कोण म्हणालं? ट्रकच्या मागं राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? मला काही घाई नव्हती. तुम्ही विचारलं नाहीत.” थोडे थांबून पुन्हा म्हणाली, “पण सामान घेऊन चढताना गाडी धापा टाकते, तेवढं बघा. तिची दया येते.”

मी निरुत्तर झालो. जो दोष माझ्या निर्णयाचा होता, तो मी सिलिंडरच्या व्यासावर ढकलला होता. उद्या बावीस अश्वशक्ती असत्या, तर मी त्याहून पुढच्या वळणावर, त्याहून वेगाने, तोच निर्णय घेतला असता. अंगी असलेल्या बळापेक्षा थोडे जास्तच मागायचे, ही माझी खोड होती; ती इंजिनाबरोबर मोठी झाली असती.

‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘बेकु’ म्हणजेच लागते; कानडीत दोन्हींना एकच शब्द. आपला ‘पाहिजे’ही तसाच दुतोंडी. मिस्त्रीने ‘एष्टु बेकु’ विचारले, तेव्हा मी हवे ते सांगितले, सौ.ने लागते ते सांगितले. यात आणखी एक गोष्ट होती. माझ्या ‘हवे’ची किंमत मागे बसणारी आणि समोरून बस घेऊन येणारा अनोळखी चालक यांनी मोजायची होती, आणि दोघांपैकी कोणालाही मी विचारले नव्हते. आपले बळ वाढवण्याचा हक्क माणसाला आहे, हे मी आजही मानतो. पण त्या बळाचा भार जे वाहणार, त्यांचा शब्द धरल्याशिवाय ‘साकु’ची रेघ आखता येत नाही. घर वाढवताना, मुलांना स्पर्धेत उतरवताना तरी आपण वेगळे काय करतो?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला आधी दोन्ही ब्रेकचे लायनर बदलायला सांगितले. मग झिजलेल्या सिलिंडरला पहिल्या मापाचा पिस्टन, हेडमधला काजळीचा थर साफ, कार्बुरेटर नीट. आणि गिअरबॉक्सकडचे स्प्रॉकेट एका दाताने लहान. त्याने ओढ वाढते, पण वरचा वेग कमी होतो. अठरा घोडे तेवढेच. फक्त त्यांना पळवण्याऐवजी ओढायला जुंपले. मिस्त्री म्हणाला, “पाचशेचं काम गेलं माझं.” पण हात पुसताना तो खुशीत दिसला.

गेल्या भाऊबीजेला परतताना त्याच चढावर पुन्हा ट्रक भेटला. गाडी आता धापा टाकत नव्हती. मनात आणले असते, तर कदाचित पुढे जाताही आले असते. मी आरशात पाहिले. सौ. डब्यांवर हात ठेवून दरीकडे बघत होती. मी ॲक्सिलेटर सोडला आणि चोर्ल्यापर्यंत धूर खात राहिलो. मनातला ‘बेकु’ काही गप्प बसला नाही. तो साखळीहून निघतानाच मागे बसलेला असतो.