उशिरा आलेले खरे

न्यायालयाकडून मिळणारा नकार दोन प्रकारचा असतो. एक नकार म्हणतो, "तुझे म्हणणे आम्ही ऐकले, ते आम्हांला पटले नाही." दुसरा म्हणतो, "तुझे म्हणणे कदाचित खरेही असेल; पण ते सांगायला तू उशीर केलास." पहिल्या नकाराने माणूस हरतो. दुसऱ्याने तो दाराबाहेरच राहतो. जमिनीचा किंवा उसनवारीचा वाद असेल, तर ह्या दुसऱ्या नकारात मला फारसे वावगे दिसत नाही. मुदतीचा कायदा सावकारालाही लागतो आणि कुळालाही. परंतु जन्मठेपेच्या कोठडीत किंवा फाशीच्या छायेत बसलेल्या माणसाला जेव्हा हे उत्तर मिळते, तेव्हा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: खऱ्याला मुदत असते काय?

मी कायद्याचा पंडित नाही. निकालपत्रे मात्र आवडीने वाचतो. ह्या प्रश्नाशी अमेरिकेतील न्यायालयांनी शंभराहून अधिक वर्षे झटापट केली आहे, म्हणून तिकडची निकालपत्रे मी विशेष लक्ष देऊन वाचीत आलो. ह्या झटापटीचे कारण त्या देशाच्या रचनेत आहे. आपल्याकडे न्यायालयांची उतरंड एकच आहे. अमेरिकेत दोन उतरंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. खून, दरोडा असले बहुतेक गुन्हे राज्याच्या न्यायालयात चालतात आणि त्यांचे अपीलही राज्यातच होते. तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे विनंती करता येते, पण ते फार थोडी प्रकरणे हाती घेते. यादवी युद्ध संपल्यावर १८६७ साली अमेरिकन काँग्रेसने एक कायदा केला. एखाद्या राज्याने कोणाला घटनेविरुद्ध कैदेत ठेवले असेल, तर त्या कैद्याला फेडरल न्यायाधीशाकडे हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येऊ लागला. 'हा माणूस माझ्यापुढे आणा, आणि त्याला कोणत्या अधिकाराने डांबले ते सांगा', असा त्या हुकुमाचा अर्थ. ज्या गावाने शिक्षा केली त्या गावाबाहेरच्या कोणीतरी ती एकदा पाहावी, ही त्यामागची कल्पना.

बाहेरच्या डोळ्यांची गरज का असते, हे दोन खटल्यांवरून कळते. १९१३ साली जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात लिओ फ्रँक नावाच्या ज्यू व्यवस्थापकावर एका मुलीच्या खुनाचा खटला चालला. कचेरीबाहेर संतप्त जमाव उभा होता. तो निर्दोष ठरला तर काय होईल सांगता येत नाही, ह्या भीतीने निकालाच्या वेळी आरोपी व त्याचे वकील ह्यांना गैरहजर ठेवण्यात आले. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने सर्व पाहिले आहे, ते पुरे, असे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती होम्स आणि ह्यूज ह्यांनी मतभेद नोंदवला. गव्हर्नरने फाशीची जन्मठेप केली, तेव्हा त्याच वर्षी लोकांनी फ्रँकला तुरुंगातून पळवून नेऊन झाडाला लटकावले. पुढे १९२३ साली आर्कान्सा राज्यातील काही निग्रो शेतकऱ्यांचे प्रकरण आले. त्यांचा फाशीचा खटला पाऊण तासात आटोपला होता, आणि ज्यूरीला निर्णयाला पाच मिनिटेही लागली नव्हती. ह्या वेळी बहुमताचा निकाल होम्स ह्यांनीच लिहिला. खटला हा केवळ देखावा असेल, तर फेडरल न्यायाधीशाने वस्तुस्थिती स्वतः तपासलीच पाहिजे, असे त्यांनी बजावले. १९२५ पर्यंत ते कैदी सुटले.

इथवर सर्व सोपे आहे. जमावाच्या बाजूने बोलायला आज कोणी उठणार नाही. अवघड भाग पुढे सुरू होतो, कारण तिथे जमाव नसतो. तिथे कॅलेंडर असते.

१९५३ साली नॉर्थ कॅरोलिनातील दोन निग्रो तरुणांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता. दोघांना फाशी झाली होती. अपिलाचे कागद साठ दिवसांत द्यायचे होते. वकिलाने ते एकसष्टाव्या दिवशी सरकारी वकिलाच्या कार्यालयात हातोहात नेऊन दिले. साठाव्या दिवशी ते टपालात टाकले असते तर मुदतीत धरले गेले असते. त्या एका दिवसामुळे राज्याच्या न्यायालयाने अपील ऐकले नाही, आणि राज्याने ऐकले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानेही ऐकले नाही. दोघांना त्याच वर्षी मृत्युदंड देण्यात आला. त्याच निकालात न्यायमूर्ती जॅक्सन ह्यांनी आपल्या न्यायालयाविषयी एक निर्भीड कबुली दिली आहे. तिचा आशय असा, की आमचा शब्द अखेरचा ठरतो तो आम्ही अचूक असतो म्हणून नव्हे. अखेरचा असल्यामुळेच तो अचूक धरला जातो.

अंतिमत्वाची बाजू हलकी आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्याचे माणूस मारले गेले त्या घराला कधीतरी 'संपले' हा शब्द ऐकण्याचा अधिकार आहे. साक्षीदार म्हातारे होतात, मरतात, स्मृती विरते, वीस वर्षांनी पुन्हा खटला चालवायचा तर तो पहिल्याहून खरा होईल ह्याची हमी कोण देणार? राज्याचे न्यायाधीशही त्याच घटनेची शपथ घेतात, मग त्यांच्या डोक्यावर दुसरा न्यायाधीश का? शिवाय अर्जांचा पूर आला की त्यांतला खरा अर्ज गवतात पडलेल्या सुईसारखा हरवतो, ही तक्रार जॅक्सन ह्यांचीच आहे. ज्या निकालाला शेवट नाही त्याला निकाल म्हणता येत नाही. हे सगळे मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच, की 'पुरे' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो?

ह्याला अमेरिकेने दोन परस्परविरोधी उत्तरे दिली. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये तीन माणसांना एकाच खुनाबद्दल जन्मठेप झाली. तिघांविरुद्ध पुरावा त्यांच्या स्वतःच्या कबुलीजबाबांचा. दोघांनी अपील केले होते. कबुलीजबाब जबरदस्तीने घेतले होते हे कालांतराने सिद्ध झाले आणि ते सुटले. तिसरा, चार्ल्स नोइया, ह्याने अपील केले नव्हते. पुन्हा खटला चालला तर जन्मठेपेची फाशी होईल, ही त्याला भीती. त्याचाही कबुलीजबाब जबरदस्तीचा होता हे राज्याने मान्य केले. तरी तू मुदतीत आला नाहीस, म्हणून आत राहा, असे त्याला सांगण्यात आले. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर मोडून काढले. जाणूनबुजून, डावपेच म्हणून ज्याने राज्याचा मार्ग टाळला त्यालाच परत पाठवावे. नोइयाने केले ते हे नव्हे, असे ते न्यायालय म्हणाले. गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे हा गिडियन खटल्याचा प्रसिद्ध निकालही त्याच दिवशीचा.

पुढे वारे फिरले. १९९१ साली व्हर्जिनियातील रॉजर कोलमन ह्या फाशीच्या कैद्याचे प्रकरण आले. मूळ शिक्षेवरचे त्याचे अपील ऐकले जाऊन फेटाळले गेले होते. त्यानंतर, आपल्या खटल्यातच दोष होते, अशी तक्रार त्याने राज्याच्या न्यायालयात केली. तीही फेटाळली गेली. त्या दुसऱ्या निर्णयावर अपिलाची नोटीस तीस दिवसांत द्यायची, ती त्याच्या वकिलांनी तीन दिवस उशिरा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दार लावले. ह्या निकालातील युक्तिवाद वाचकाने नीट पाहावा. जिथे वकील मिळण्याचा घटनेने हक्क दिला आहे, तिथे वकिलाच्या अक्षम्य चुकीचा भार राज्यावर. जिथे तसा हक्कच नाही, तिथे वकील हा कैद्याचा मुनीम, आणि मुनिमाची चूक ती धन्याची चूक. शिक्षा झाल्यानंतरच्या ह्या टप्प्यावर हक्क नाही, म्हणून चूक कोलमनची. म्हणजे ज्याला कायद्याने कमी दिले, त्याच्याच डोक्यावर ओझे अधिक.

मुनीम आणि धनी ही उपमा बाजारात शोभते. पेढीचा धनी मुनीम निवडतो, त्याच्या वह्या तपासतो, पटले नाही तर त्याला काढतो, आणि चुकीची झळ बसली तर दुसऱ्या सौद्यात भरून काढतो. फाशीच्या कोठडीतला माणूस वकिलाचे कॅलेंडर तपासू शकत नाही. त्याच्यापाशी दुसरा सौदाही नसतो. आपल्याकडे 'चोर सोडून संन्याशाला सूळ' म्हणतात; इथे तर चूक वकिलाची आहे हे सर्वांना माहीत असूनही सूळ अशिलालाच.

ह्या प्रकरणाचा शेवट सांगितला नाही तर मी वाचकाशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. १९९२ साली कोलमनला मृत्युदंड देण्यात आला. शेवटपर्यंत तो स्वतःला निर्दोष म्हणत होता, आणि जगातल्या अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला. २००६ साली गव्हर्नरच्या आदेशाने जपून ठेवलेल्या नमुन्याची डीएनए चाचणी झाली. गुन्हेगार तोच होता, असा तिचा निष्कर्ष निघाला.

मग काय? दार लावणारे बरोबर होते? मला तसे वाटत नाही, पण ह्या प्रश्नाला बगलही देता येत नाही. १९९१ च्या न्यायाधीशांना ही चाचणी ठाऊक नव्हती. बाहेर कोण उभा आहे हे न पाहताच त्यांनी दार लावले. बाहेर गुन्हेगार निघाला हा योगायोग झाला. ऐकून घेण्याचा हक्क हे निरपराधीपणाचे बक्षीस नाही, कारण कोण निरपराधी हे ऐकल्यावाचून कळत नाही. उलट, ती चाचणी सांगते की शेवटी सर्वांच्या मनाचे समाधान झाले ते तपासण्याने. मुदतीने ते चौदा वर्षे झाले नव्हते.

१९९५ साली ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट झाला. त्यानंतरच्या वर्षी काँग्रेसने कायदा करून अशा अर्जांना सर्वसाधारणपणे एक वर्षाची मुदत घातली आणि फेडरल न्यायाधीशाचे हात बरेच आखडले. ह्याच वाटेवर २०२२ साली ॲरिझोनातील बॅरी जोन्सचे प्रकरण उभे राहिले. एका लहान मुलीच्या मृत्यूबद्दल त्याला फाशी झाली होती. खटल्यातील वकिलाने वैद्यकीय पुराव्याचा तपास केला नाही, आणि नंतरच्या वकिलाने ती उणीव राज्याच्या न्यायालयापुढे मांडली नाही. फेडरल न्यायाधीशाने सात दिवस साक्षी ऐकल्या आणि शिक्षा टिकत नाही असे ठरवले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, राज्यात जो पुरावा आला नाही तो तुम्ही ऐकायलाच नको होता. ऐकलेले 'न ऐकलेले' करा, असा हा आदेश. पुढे २०२३ साली राज्यानेच तडजोड केली. मुलीला वेळेवर दवाखान्यात नेले नाही एवढ्यापुरती त्याने कमी दर्जाच्या गुन्ह्याची कबुली दिली आणि तो बाहेर आला. न्यायालयाला जे करता आले नाही ते सरकारी वकिलांच्या कार्यालयाने केले.

आपल्याकडे दुसरी उतरंड नाही; तरी अखेरच्या शब्दाचा प्रश्न चुकलेला नाही. २००३ च्या एका भीषण गुन्ह्याबद्दल भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द केली होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने २०१८ साली आपला निकाल मागे घेतला, आणि २०१९ च्या मार्चमध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. अखेरचा शब्द फिरवल्याने न्यायालय लहान झाले असे कोणाला वाटले काय? ते सहा जण जिवंत होते, म्हणूनच तो शब्द फिरवण्याचा काही उपयोग झाला.

तेव्हा माझे उत्तर हे, की 'पुरे' म्हणण्याचा अधिकार ऐकण्याने मिळतो. खटल्यात एकदा ऐकले होते, असे कोणी म्हणेल. पण कैद्याची तक्रार त्या खटल्याविरुद्धच आहे: ज्यूरी भेदरलेली होती, कबुलीजबाब मारून घेतला होता, वकिलाने काहीच केले नव्हते. खटला स्वतःविरुद्धची फिर्याद ऐकू शकत नाही. ती फिर्याद बाहेरच्या एका न्यायाधीशाने, एकदा, पुरती ऐकावी. त्यानंतर दुसरी-तिसरी फेरी मुदतीने अडवली तर माझी हरकत नाही. जो जाणूनबुजून गप्प बसला आणि डाव फसल्यावर आला, त्यालाही परत पाठवावे. पण जो बोललाच नाही कारण बोलणारा त्याचा वकील झोपला होता, त्याला घड्याळ दाखवणे हे काम कारकुनाचे आहे. न्यायाधीशाला ते शोभत नाही.

मुदत ही माणसांनी आपल्या सोयीसाठी घातलेली आहे. खरे उशिरा आले तरी ते खरेच असते, आणि त्याच्यासाठी जेवढा वेळ मोडावा लागतो तेवढा मोडण्याइतकी सवड न्यायासनाजवळ असली पाहिजे. साठावा दिवस आणि एकसष्टावा दिवस ह्यांच्यामध्ये एक रात्र असते. दोन माणसांचे प्राण घेण्याइतकी मोठी ती रात्र कोणी ठरवली, ह्याचे उत्तर १९५३ च्या त्या निकालपत्रात मला अद्याप सापडलेले नाही.