बापाचें देणें

दिवाणी दावा जिंकला म्हणजे पैसा हातीं आला असें ज्यांस वाटतें, त्यांनीं दरखास्तीची वाट कधीं तुडविलेली नसावी. हुकूमनाम्याच्या बजावणीस कायद्यानें बारा वर्षांची मुदत दिली आहे. तेवढ्यांत ऋणको पुष्कळदां इहलोक सोडून जातो. मग बापाचें देणें मुलानें द्यावें काय?

आमच्या स्मृतिकारांस याविषयीं शंका नव्हती. पित्याचें ऋण पुत्रानें सव्याज फेडावें, नातवानें केवळ मुद्दल द्यावें. मद्य व द्यूत यांसाठीं केलेलें कर्ज मात्र पुत्रावर बसत नाहीं. मुंबई इलाख्यांत तर वारशांत कवडीही न मिळालेल्या मुलावर हें ओझें पडे. १८६६ च्या कायद्यानें तें मिळालेल्या मालमत्तेपुरतेंच ठेविलें. पुढें १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनें ऋणकोचीं स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचे जरुरीचे बैल व बियाणें आणि धर्मरूढीनें स्त्रीस अंगावेगळे करतां न येणारे दागिने जप्तींतून वगळले. शेवटीं २००५ च्या दुरुस्तीनें, त्यानंतरच्या कर्जासाठीं निव्वळ पुत्रधर्माच्या आधारावर मुलास कोर्टांत खेचण्याची वाटच बंद झाली.

हें योग्य झालें असें आम्ही मानतों. बेलिफाच्या धाकानें जें केलें जातें, त्यास धर्म कशाला म्हणावें? ज्यास बापाकडून कांहीं मिळालें नाहीं, त्यानें पोरांच्या तोंडचें दूध तोडून जुनें देणें फेडावें, असें आमच्यानें सांगवत नाहीं.

पण बापानें कर्ज काढून बांधलेल्या घरांत राहावयाचें, वर्षश्राद्धास यथासांग पिंड द्यावयाचे, आणि धनको दारीं येतांच 'तो व्यवहार माझा नव्हे' म्हणावयाचें, ही गोष्ट निराळी. घर वारशानें आलें असेल तर जप्ती टळत नाहीं; म्हणून शहाणे लोक बापाच्या हयातींतच तें बक्षीसपत्रानें मुलाच्या नांवें करून ठेवितात. धनको म्हटला कीं आम्हांस लठ्ठ सावकारच दिसतो, हा आमच्या कादंबऱ्यांचा दोष! तो कित्येकदां आपली शिल्लक विश्वासानें उसनी देणारा एखादा पेन्शनर मास्तर असतो. धनकोस बुडविण्यासाठीं केलेलें हस्तांतरण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वयें त्यास रद्द करवितां येतें, हें खरें. पण तो हेतु शाबीत करावयाचा मास्तरानें, नवा वकील लावून, आणि इकडे हुकूमनाम्याचीं बारा वर्षें सरत असतात.