हसू कसलं आलं?

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज धडा नाही.

काल तुम्हाला ‘फँड्री’ सिनेमा दाखवला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर, हे आधीच सांगितलं होतं. खिडक्यांना सतरंज्या लावून मी मागे उभी राहिले होते. पडद्याकडे कमी, तुमच्याकडे जास्त बघत होते.

सिनेमातला शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावला आणि हा वर्ग खिदळला. बाकं वाजवलीत. कोणीतरी ‘धर, धर’ ओरडलं. आता आठवा, पडद्यावर कोण हसत होतं? मजा बघायला जमलेलं गाव. त्याच्याच शाळेतली, तुमच्याच वयाची पोरं. ज्यांनी आपल्याला बघू नये म्हणून तो आडोशाला लपत होता, तीच. पडद्यावरचं हसणं कुठलं आणि नववी ‘ब’चं कुठलं, मला मागे उभं राहून ओळखता येईना.

डुक्कर हाताशी आलं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. जब्या थांबला, त्याचं घरदार थांबलं, डुक्कर निसटलं. तेव्हाही फिस्सकन हसलात. हातातोंडाशी आलेलं सोडून ताठ उभे राहिले रे ते! रोज सकाळी त्याच गीताला तुमची चुळबुळ मी बघते. पुढे तेच डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. तेव्हा इथे कोणाचा तरी डबा उघडत होता.

‘बाई, सिनेमाच तर होता,’ हे मला सांगायचं नाही. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड कुठे आला? सरळ आपल्या तोंडावर. आणि अंधार झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी तो उगाच तिकडे वळवलेला नाही.

वर्गात एकजण हसला नाही. मान खाली घालून तो कर्कटकाने बाक कोरत होता. मागे वळून बघू नका! कोण, ते शोधायचं नाही. तो रोज तुमच्याबरोबर डबा खातो, एवढं पुरे.

२०१४ साली मी हा सिनेमा थिएटरात पाहिला. तो दगड आला आणि मला पाचवीतली एक मुलगी आठवली. तिची आई गावचे रस्ते झाडायची. मधल्या सुट्टीत आम्ही खराट्याची नक्कल करायचो. मीही करायचे, चांगली जमायची मला. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. इतकी वर्षं मी स्वतःला गरीब घरची, सोसलेली मुलगी समजत होते. त्या अंधारात कळलं, मी बघ्यांच्या घोळक्यात होते. तिचं नाव आठवायला मला घरी जाईपर्यंत वेळ लागला.

आता कागद काढा. तुम्ही कोणाला, कधी, काय म्हणून हसलात, ते लिहा. स्वतःचं नाव घालू नका. ‘आम्ही’ लिहायचं नाही, ‘मी’ लिहायचं. वाचून दाखवणार नाही, मार्कही देणार नाही. माझा कागद टेबलावर आहे, तुमचे त्याखाली आणून ठेवा.

घंटा होऊ दे. बसा.