खिळ्याखालचं नाणं

आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायातले आठवा आणि नववा असे दोन श्लोक घेतले आहेत. आठव्यात भगवंत सांगतात की योग्याला मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखंच. नवव्यात तीच गोष्ट माणसांना लावली आहे. मित्र, शत्रू, तटस्थ, सज्जन, पापी, या सगळ्यांविषयी ज्याची बुद्धी सम, तो विशेष थोर.

वाचायला छान वाटतं, पण लगेच प्रश्न उभा राहतो. सोनं आणि ढेकूळ सारखंच, तर विवेक कशाला? चांगल्या-वाईटातला फरकच पुसून टाकायचा का? संसारी माणसाला घराची किल्ली कोणाच्या हातात द्यायची हे तर रोज ठरवावं लागतं.

या प्रश्नावर मला थोडा उजेड मिळाला तो मेटल डिटेक्टरच्या एका गोष्टीतून.

आपल्याला डिटेक्टर माहीत असतो तो घाटकोपरला मेट्रोत शिरताना अंगावरून फिरवतात तेवढाच. पण इंग्लंडमध्ये जुनी नाणी शोधायचा छंद असलेले पुष्कळ लोक हे यंत्र घेऊन शेतं पालथी घालतात. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. शेतमालकाची परवानगी काढून तोही सुट्टीच्या दिवशी जातो. त्याने मला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं.

दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातून विजेचा बदलता प्रवाह गेला की जमिनीतल्या धातूत प्रतिसाद उमटतो आणि यंत्र तो आवाजात ऐकवतं. लोखंडाचा प्रतिसाद वेगळा, चांदी-तांब्याचा वेगळा. म्हणून यंत्रात एक सोय दिलेली असते, लोखंड वगळायची. ती चालू केली की खिळ्यावरून फिरवलं तरी यंत्र गप्प. नको असलेलं ऐकावंच लागत नाही!

मोकळ्या शेतात हे उत्तम चालतं. पण नाणी कुठे सांडणार? जिथे माणसं राहिली तिथेच. आणि जिथे माणसं राहिली तिथे खिळे, नाल, तारा, पत्र्याचे तुकडे यांचाही सडा. खिळ्याला लागून नाणं पडलेलं असेल, तर दोघांचे प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. पुष्कळदा यंत्राला त्यातलं लोखंडच कळतं आणि ते गप्प बसतं. चांदीचं नाणं वेटोळ्याखालून जातं, शोधणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो म्हणतो, इथे काही नाही, आणि पुढे जातो.

यावर उपाय आहे, पण कष्टाचा. वेटोळं लहान घ्यायचं, म्हणजे एका वेळी थोडीच जमीन ऐकू येते. हात सावकाश फिरवायचा. त्याच जागेवरून एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर जायचं, कारण एका बाजूने झाकलेलं नाणं दुसऱ्या बाजूने बोलतं. आणि लोखंड वगळायची सोय कमी करायची, किंवा बंदच. मग खिळ्यांची कटकट ऐकावी लागते. कान किटतात, पण त्या कटकटीतच मधे एखादा गोड सूर लागतो.

आणि तो सूर लागला म्हणून हुरळायचं नाही. चपटा गंजका पत्रा किंवा वॉशरसुद्धा चांदीसारखा वाजतो. खणून बघितल्याशिवाय काही खरं नाही.

आपली साष्टीची जमीन काही वेगळी नाही. मुलुंड-भांडुपला कारखान्यांच्या जागी टॉवर झाले. साकीनाक्याला अजून वर्कशॉप आहेत. कुठेही पाया खणा, गजाचे तुकडे आणि खिळे निघतील. याच साष्टीत सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी मिळाली आहेत. त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोरलेल्या, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात त्या नाण्यांचा ‘कृष्णराजरूपक’ असा उल्लेख येतो. (हे वाचून कोणी डिटेक्टर घेऊन कान्हेरीला निघू नका हो! संरक्षित जागी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.)

नाशिकला रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया त्या चुंबकाला चिकटतो, कारण त्यात 83 टक्के लोखंडच आहे. जुनं तांब्याचं, चांदीचं नाणं त्याला कळतच नाही. चुंबकाला फक्त आपल्या जातीचं सापडतं, तर ते यंत्र ठरवून काही ऐकतच नाही. आपण माणसांच्या बाबतीत आलटून पालटून हे दोन्ही करतो.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सध्या रात्रपाळीच्या वॉचमनची जागा भरायची आहे. आलेल्यांतला एक जण तरुणपणी मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला आहे. त्यानंतर बारा वर्षं त्याने एका गोदामाची राखण केली. शिक्षेचं त्याने स्वतःहून सांगितलं. कमिटीत सूचना आली, नियमच करून टाकू, ज्याच्यावर केस झालेली आहे त्याचा अर्जच घ्यायचा नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही गीता वाचता ते ठीक आहे. रात्री दोन वाजता बेल वाजली तर दार मला उघडायचं असतं.”

काकूंची भीती खोटी नाही. ती समबुद्धीच्या नावाखाली झटकून टाकली, तर काकूंचंही मी ऐकलं नाही असंच होईल. म्हणून रविवारच्या सभेत मी त्या माणसाची बाजू घेणार नाही. मी एवढंच म्हणणार आहे की असा नियम नको. त्याला बोलवा, गोदामाच्या मालकाला विचारा, आजूबाजूलाही विचारा. काकूंना समोर बसवून त्याच्याशी बोलू द्या. आणि ज्यांचा कागद कोरा आहे त्यांचीही तेवढीच चौकशी करा. पत्राही गोड वाजतो. मग उत्तर कदाचित ‘नाही’ येईल. येऊ दे. पण ते ऐकून आलेलं असेल.

मला वाटतं, भगवंतांच्या ‘सम’चा एक अर्थ इथे लागतो. खिळा आणि नाणं एक आहेत असं ते म्हणत नाहीत. ऐकणारा कान दोघांसाठी सारखा असावा, असं म्हणतात. आठव्या श्लोकात योग्याला आधी ज्ञान-विज्ञानाने तृप्त म्हटलं आहे, ढेकूळ-सोन्याची गोष्ट नंतर येते. हा क्रम महत्त्वाचा वाटतो. सोन्याची हाव असलेल्या कानाला जिथे तिथे सोनंच वाजतं. लोखंडाचा वीट आलेल्या कानाला काहीच ऐकू येत नाही. कान तृप्त असेल, तरच जे आहे ते ऐकू येतं. म्हणजे समबुद्धी विवेकाच्या आड येत नाही. ती आधी हवी, विवेक तिच्यावर उभा राहतो.

आजचा संकल्प: एखाद्याचं नुसतं नाव निघालं तरी आपला कान बंद होतो, असा एक माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. घरात असेल, ऑफिसात असेल. आज त्याचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकू या. लगेच नाणं हाती लागेल असं नाही. पण जागा रिकामी आहे, असं न ऐकता म्हणायचं नाही.

राम कृष्ण हरी!