दानीएलाचे पथ्य आणि आपले शरीर

शास्त्रपाठ : दानीएल १:८-१६, मार्क ५:३५-४३



बाबेलच्या राजाचे अन्न नाकारून दानीएल व त्याचे तीन सोबती दहा दिवस शाकान्न व पाणी यांवर राहिले, ही कथा आपण शब्बाथशाळेत शिकलो. हल्ली त्याच दानीएलाच्या नावाने वजन उतरविण्याचे एक पथ्य हातोहाती फिरत आहे. परंतु शास्त्रभाग पुन्हा नीट वाचा. दहा दिवसांनी कारभाऱ्याने त्या तरुणांस पाहिले, तेव्हा ते वाळलेले नव्हते. राजाचे अन्न खाणाऱ्यांपेक्षा ते अधिक सतेज व अंगाने भरलेले दिसले! तेव्हा बारीक होण्यासाठी दानीएलाची साक्ष काढू नये. त्याने अन्न नाकारले ते देवाच्या निष्ठेपायी, कमरेच्या मापापायी नव्हे.

येथे मला माझी एक चूक आपणांपुढे कबूल करावयाची आहे. बिदर जिल्ह्यातील एका खेड्यात मी सेवा करीत असताना, आपली मुलगी उपवासकाळात चाळीस दिवस अन्न जवळजवळ वर्ज्य करून प्रार्थना करते, असे एका आईने मला सांगितले. मी नाव न घेता उपदेशात तिचे कौतुक केले. खरी गोष्ट निराळी होती. पाहावयास आलेल्या पाहुण्यांनी "मुलगी अंगाने जाड आहे" असा निरोप पाठविला होता. ती दिवसभर लिंबूपाणी पिई व रात्री एका पुडीतील चूर्ण घेई. त्या पुडीवर ना कारखान्याचे नाव होते, ना आत काय आहे त्याची नोंद. झावळ्यांच्या रविवारी गीत गाता गाताच ती कोसळली. जुलाबांमुळे अंगातील पाणी व पोटॅशियम इतके घटले होते की हृदयाचे ठोके चुकू लागले होते. "ही काय घेते?" असे डॉक्टरांनी विचारले. आई म्हणाली, "उपास करते, साहेब." तेव्हा मुलीने रडत रडत पुडीची हकीकत सांगितली.

ती वाचली, प्रभूची स्तुती असो. पण माझ्या मनाला टोचणी लागली. मेंढपाळाने मेंढरू वाळत चालल्याचे पाहिले आणि त्याला भक्ती म्हटले!

प्रियजनहो, असल्या उपायांत काय धोका आहे, तो समजून घ्या. अन्न एकाएकी तोडले की पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो. त्यात बरेचसे पाणीच असते. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. केस गळतात, पित्ताशयात खडे होतात. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहून झटपट बारीक होऊ पाहणारे कित्येक जण हृदय बंद पडून दगावले. औषधांचीही हीच कथा. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडविते असे दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेण्यात आले. सिब्युट्रामिनमुळे हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत व २०११ मध्ये भारतात ते बंद झाले. तरीही "वनस्पतींचे, निर्धोक" म्हणून विकलेल्या मालात तेच चोरून मिसळलेले अनेक देशांत आढळले आहे. थायरॉईडच्या गोळ्या गरज नसता घेणारेही हृदयाचा व हाडांचा नाश ओढवून घेतात.

आपल्या शेजारच्या लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचविली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. आरंभापूर्वी रक्त तपासून घ्या, असे दीक्षित स्वतः सांगतात. आपण मात्र ऐकीव गोष्टीवर आरंभ करतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण टाळले, तर साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो.

२०२५ पासून टिर्झेपटाईड व सेमाग्लुटाईड यांची वजनासाठीची इंजेक्शने भारतात मिळू लागली. ती खरी औषधे आहेत. स्थूलपणाने आजारी असलेल्यास त्यांचा लाभ होतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेण्यात पाप नाही. पण मळमळ, वांती, पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे त्यांचे उपद्रव आहेत, आणि बंद केली की उतरलेले वजन बहुधा पुष्कळसे परत येते. लग्नाच्या तारखेसाठी चोरून टोचून घेण्याची ती वस्तू नव्हे.

मग खादाडपणा चालतो काय? मुळीच नाही. वाढलेले पोट मधुमेह व रक्तदाब घेऊन येते, आणि १ करिंथ ६:१९-२० प्रमाणे आपले शरीर आपल्या मालकीचे नाही. ते मंदिर आहे. मंदिरात केरकचरा साठवू नये, तसेच त्याचे खांबही उपटू नयेत. देवाने आपल्या मुलखाला ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी दिली आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलोची भाकरी खाल्लेल्या आपल्या आजींना विचारा. ताटाला हात जोडावे की भ्यावे, हे त्या सांगतील. भूक लागेल तेवढे खा, गोडधोड व तळण आवरा, रोज चाला. दानीएलाकडून खरे शिकावयाचे ते हे की त्याने काही लपविले नाही. कारभाऱ्याला विचारले, मुदत ठरविली, आणि "मग आम्हांस पाहा" असे सुचविले. तुम्हीही डॉक्टरांना विचारा, घरच्यांना सांगा.

आणि जे मुली पाहावयास जातात त्यांनी १ शमुवेल १६:७ वाचून निघावे. आपल्या एका शब्दाने कोणाचे ताट रिकामे होते, याचा हिशोब आपणांस द्यावा लागेल.

याईराची मुलगी बारा वर्षांची होती. प्रभूने तिचा हात धरून तिला उठविले. सर्व जण आश्चर्याने थक्क झाले असता त्याने तिच्या आईबापांना काय करावयास सांगितले? तिला जेवू घालावयास. मरणातून उठविणाऱ्या प्रभूला त्या लेकराच्या भुकेची आठवण होती. आपल्या घरातील लेकींच्या ताटाकडे आपणही त्याच प्रीतीने पाहावे, असे साहाय्य प्रभू आपणांस करो. आमेन.